घराचा खण

मराठी माणूस घराचे माप खणांत सांगत आला आहे. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचा सोपा सात खणांचा, एवढे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते घर उभे राही. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. तुळईच्या लाकडाची लांबी आणि सुताराचा अनुभव यांनी ते ठरलेले असे. कुटुंब वाढले की घराला एकदोन खण जोडावयाचे. जोडलेला भाग जुन्या घरास परका वाटत नसे, कारण पुढे वाढ कशी व्हावयाची हे पहिला खांब उभा करतानाच ठरून गेलेले असे. वाड्याला दुसरा चौक निघे, परसाकडे पडवी उतरे, आणि तरीही वाडा एकच राही.

सिमेंट-काँक्रीटच्या घराचे तसे नाही. निदान वरवर पाहता तरी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरावीस वर्षांत आपल्याकडे जी आधुनिक घरे बांधली गेली, ती एका वास्तुशिल्पज्ञाच्या मनात पूर्णपणे रचली गेलेली असत. भिंत कोठे थांबावी, छप्पर किती पुढे यावे, खिडकीतून झाडाचा कोणता भाग दिसावा, हे सारे ठरलेले. पुऱ्या झालेल्या कवितेत कोणी दोन ओळी घालावयास सांगितल्या तर जो संकोच वाटेल, तोच अशा घराला खोली जोडताना वाटतो. आणि जोडावी तर लागते. त्या घरांचे वय आता साठीसत्तरीचे झाले. बांधणाऱ्याची नातवंडे तेथे संसार करीत आहेत. एकाच न्हाणीघरावर भागत नाही, आजीला जिना चढवत नाही, आणि जमिनीचा भाव असा की घरापेक्षा त्याखालची माती मोलाची झाली आहे.

अशा घरांच्या मागे कायद्याचा आधार जवळजवळ नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांच्या आतल्या वास्तूकडे पाहत नाही. दिल्लीत प्रगती मैदानावरील राज रेवल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे भव्य प्रदर्शनगृह १९७२ साली उभे राहिले आणि एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. वारसा म्हणून विचार व्हावयास वास्तू साठ वर्षांची तरी हवी, असा तेथे पवित्रा घेतला गेला. चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेस बांधलेले ‘ट्यूब हाऊस’, ज्याची चित्रे जगभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासली, ते १९९५ साली पाडले गेले. म्हणून घर वाढवणे हा मला केवळ सोयीचा प्रश्न वाटत नाही. जे घर नीट वाढवता येत नाही ते पाडले जाते. चांगली जोड हीच पुष्कळदा घराच्या जिवाची हमी असते.

हा प्रश्न जेथे सर्वांत उघडा दिसतो ते ठिकाण म्हणजे फरीदाबाद. मुंबईहून दिल्लीस निघालेली गाडी मथुरा मागे टाकून पुढे गेली की राजधानीच्या अलीकडे हे शहर लागते. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली गाव वसवले. परंतु आपल्याला पाहावयाचे आहे ते फाळणीनंतरचे फरीदाबाद, ज्याला लोक अजूनही एन. आय. टी., म्हणजे नवे औद्योगिक नगर, म्हणतात. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माइलखान या भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून ते उभारले गेले. त्यासाठी नेमलेल्या विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. सुधीर घोष यांनी कारभार पाहिला, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या भारतीय सहकारी संघाचे कार्यकर्ते निर्वासितांत मिसळून राहिले. ठेकेदाराच्या हाती काम न सोपवता निर्वासितांनी स्वतःच सहकारी संस्था करून आपली घरे बांधली, हे या नगराचे मोठे वैशिष्ट्य. त्या वेळी केंद्र सरकारचे गृहनिर्माण-संचालक ओटो कोनिग्सबर्गर हे होते. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून म्हैसूर संस्थानात आलेले हे वास्तुशिल्पज्ञ. भुवनेश्वर, गांधीधाम, फरीदाबाद अशा नव्या वसाहतींच्या आखणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

आता कोणी म्हणेल, निर्वासितांची एवढीशी घरे, त्यांना नामांकित आधुनिक घरांच्या पंगतीस कशाला बसवता? मला ती तेथेच बसवावीशी वाटतात. आधुनिक वास्तुकलेने जे वचन दिले होते ते श्रीमंताच्या बंगल्याचे नव्हते. थोड्या पैशांत, थोड्या जागेत, सामान्य माणसाला ऊन, वारा आणि स्वतःचे अंगण मिळावे, हे ते वचन होते. फरीदाबादसारख्या नगरांत ते साध्या विटांनी पाळण्याचा प्रयत्न झाला. शिवाय एक गोष्ट विसरून चालणार नाही. बंगल्याचा मालक शिल्पज्ञाला बोलावून जोड करवून घेतो, एन. आय. टी. मधला माणूस गवंड्याला बोलावतो. चूक दोघांचीही होते, परंतु दुसऱ्याची चूक हजार घरांत उमटते.

अशा वसाहतींतील घर कसे वाढते त्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. प्रथम ओसरीला जाळी लागते, मग भिंत, आणि ओसरीची खोली होते. मग अंगणाच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर सरकते. बाहेरून जिना चढतो, वर एक खोली होते, तिला जोडून दुसरी. एके दिवशी अंगणावर स्लॅब पडतो आणि खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. त्यानंतर सगळेच पाडून नवे बांधावे, हा विचार फार दूर नसतो. या क्रमातली प्रत्येक पायरी गरजेतून आलेली आहे. तिला नावे ठेवण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही. पण पहिल्या पायरीच्या वेळी कोणी घराचा खण ओळखून दिला असता, तर पुढचे पुष्कळसे टळले असते.

हा खण ओळखावा कसा? पहिली युक्ती फार साधी आहे. घर फुटांत मोजावे. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि मापे हळूहळू १९५८ ते १९६२ या काळात बदलली. त्यापूर्वीचे आणि त्या सुमाराचे घर मीटरमध्ये मोजले तर ३.०५, ३.६६, ४.५७ असे विक्षिप्त आकडे हाती येतात. तेच फुटांत मोजले की १०, १२, १५ असे स्वच्छ आकडे उमटतात, आणि खांब, खिडकी, दार ही सारी एका कुळातील आहेत असे दिसू लागते. तोच त्या घराचा खण. नवी खोली ३ मीटरची केली तर पाच सेंटिमीटरचाच फरक, असे वाटेल. पण फरशीची रेघ जुळत नाही, छपराची कड जुळत नाही, आणि डोळा कारण न सांगता अस्वस्थ होतो.

आपल्या कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे हे दिल्लीत राहून काम केलेले थोर वास्तुशिल्पज्ञ. मुंबईच्या जे. जे. मधून शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले, आणि परत येऊन त्यांनी अहमदाबादची ‘अटिरा’, कानपूरचे तंत्रशास्त्र संस्थान अशा वास्तू उभारल्या. त्यांच्या योजनांत खांबांची ठरावीक जाळी आणि नळ-वाहिन्यांच्या उभ्या जागा यांना फार महत्त्व असे. संस्था वाढणारच, तेव्हा वाढीची वाट आधीच मोकळी ठेवावी, ही त्यामागची दृष्टी. घर लहान असले म्हणून हा विचार बदलत नाही. पाणी आणि सांडपाण्याचे नळ कोठून जातात हे प्रथम पाहावे. नवे न्हाणीघर त्या ओळीत आले तर घर आपोआप शिस्तीत वाढते. ते भलत्याच टोकाला नेले तर पुढच्या भिंतीवरून नळ लोंबू लागतात, आणि कितीही रंग दिला तरी ते झाकत नाहीत.

खण ओळखला म्हणजे तो गिरवत सुटावे असे मात्र नव्हे. येथे परदेशातील एक प्रसंग सांगतो. तो घराचा नाही, संग्रहालयाचा आहे, पण फार बोलका आहे. अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे लुई कान यांनी बांधलेले किंबेल संग्रहालय १९७२ साली उघडले. काँक्रीटच्या लांबट कमानदार छपरांची ती एक ओळ आहे आणि प्रत्येक छपराच्या माथ्यावरील फटीतून प्रकाश आत झिरपतो. १९८९ मध्ये जागा अपुरी पडू लागली, तेव्हा रोमाल्डो जुर्गोला या नामवंत शिल्पज्ञाने तशीच आणखी छपरे दोन्ही टोकांना जोडण्याची योजना मांडली. हेतू आदराचाच होता. परंतु कान यांच्या पत्नींसह अनेकांनी तीव्र विरोध केला आणि योजना मागे पडली. कारण रचनेत किती छपरे हवीत आणि कोठे थांबावयाचे, हाही रचनेचाच भाग होता. पुढे रेन्झो पियानो यांनी २०१३ साली नवी इमारत उभी केली ती जुन्या इमारतीपासून सुमारे साठ मीटर दूर, तिच्याकडे तोंड करून आणि उंचीने अदब राखून. नक्कल ही आदराची खूण नसते, हे या दोन योजना शेजारी ठेवल्या की कळते.

आणि याच्या उलटचा दोष? तोही एका थोर माणसाच्या नावावर आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आयलीन ग्रे या बाईंनी १९२६ ते १९२९ या काळात एक पांढरे, समुद्राकडे पाहणारे घर बांधले. त्या घराच्या भिंती कोऱ्या होत्या आणि त्या कोऱ्या असाव्यात हेच तिचे म्हणणे होते. १९३८-३९ मध्ये ल कोर्बुझिए तेथे पाहुणे म्हणून राहिले आणि त्यांनी त्या भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रे काढली, तिला न विचारता. ती या कृत्यास विध्वंसच मानीत असे. आज ती चित्रेही जपली जातात, कारण ती कोर्बुझिएंची. पण घराच्या मूळ बोलण्यात एक मोठा आवाज कायमचा मिसळला तो मिसळलाच.

आपल्या साहित्यशास्त्रात ‘सहृदय’ असा एक सुंदर शब्द आहे. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळते तो सहृदय. तो स्वतः कवी असेलच असे नाही, आणि कवीची नक्कल तर तो मुळीच करीत नाही. जोड करणाऱ्याने सहृदय असावे, एवढेच माझे मागणे आहे.

व्यवहारात याचा पहिला अर्थ असा की जुने आणि नवे यांच्यामध्ये थोडा श्वास असावा. फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ सर्वांना चित्रांतून माहीत आहे. त्याच घराला १९३९ साली पाहुण्यांसाठी भाग जोडावा लागला, तेव्हा राइट यांनी तो मूळ घरास चिकटवला नाही. टेकडीवर थोडा उंच बांधला आणि वळणदार छत असलेल्या वाटेने तो खाली जोडला. एवढी जागा आपल्याकडे कोणाजवळ असते? परंतु दोन भिंतींमध्ये दीड हात रुंदीचा, काचेच्या छपराचा बोळ ठेवला तरी तेच साधते. हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. साठ वर्षांचे घर जमिनीत जेवढे बसावयाचे तेवढे बसलेले असते. नवा पाया आता बसू लागणार. दोघांना एकजीव केले की सांध्यावर तिरपी तडा जाते. म्हणून अभियंता दोन्हींमध्ये पूर्ण उंचीची फट ठेवावयास सांगतो आणि नवे ओझे नव्याच खांबांवर घेतो.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि फरीदाबादेत ती मुंबईपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तर हिवाळ्यात ऊन हीच माणसाची संपत्ती असते. बायका विणकाम, निवडटिपण घेऊन अंगणात बसतात. फरीदाबाद सुमारे २८.४ अक्षांशावर आहे. म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून अवघा ३८ अंश वर असतो. त्या वेळी ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली ३.८ मीटर पडते. तीच भिंत दुमजली, ६ मीटरची केली की सावली साडेसात मीटरांच्या वर जाते. मुंबईत त्याच दिवशी ३ मीटर भिंतीची सावली पावणेतीन मीटरच असते. तेव्हा अंगणाच्या दक्षिणेस मजला चढवला की फरीदाबादचे अंगण सारा हिवाळा अंधारात गेले म्हणून समजावे. तोच मजला उत्तरेच्या बाजूस चढवला तर अंगण उन्हात राहते आणि वरच्या खोलीलाही दक्षिणेचे ऊन मिळते. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य ८५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. हातभर छज्जा पुढे काढला की तो खोलीत येत नाही. एवढा हिशेब कागदाच्या पाठीवर करता येतो. त्याने जे वाचते ते कोणत्याही किमती दगडाने परत मिळत नाही.

दगडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिल्ली परिसरातील त्या काळच्या पुष्कळ चांगल्या वास्तूंत अरवलीचा करडा-तांबूस, कठीण दगड वापरलेला दिसतो. अमेरिकेतून येऊन दिल्लीकर झालेले जोसेफ स्टाइन यांनी त्याचा उपयोग फार हळुवारपणे केला. त्या डोंगररांगा फरीदाबादेला लागूनच आहेत. परंतु अरवलीतील खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली बंदी घातली, आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात या भागांतील खाणी पुन्हा थांबवल्या. ते योग्यच झाले. डोंगर उरले नसते तर पाणीही उरले नसते. याचा अर्थ मात्र असा, की जुन्या भिंतीला जुळणारा नवा दगड सरळ मार्गाने मिळावयाचा नाही. कोणी दूरचा, रंगाने जवळपास जाणारा दगड आणून पातळ चकत्या चिकटवतात. त्यापेक्षा नवी भिंत मोकळेपणाने विटेची किंवा साध्या गिलाव्याची करावी. दार फोडताना जुन्या भिंतीतून जे दगड निघतील तेवढे जपून ठेवावेत आणि जोडाच्या चौथऱ्याला लावावेत.

विटेचेही थोडे असेच आहे. सरकारी प्रमाणातील वीट १९ सेंटिमीटर लांबीची. जुन्या घरातील वीट नऊ इंची, म्हणजे सुमारे २३. सुदैवाने उत्तरेकडील भट्ट्यांतून नऊ इंची विटा अजूनही निघतात. जेथे वीट उघडी ठेवावयाची आहे तेथे हा शोध घेतलाच पाहिजे, नाहीतर दर थराला रेघ चुकत जाते.

वर मजला चढवावयाचा असेल तर प्रथम धाबे तपासावे. उत्तरेकडे सपाट छपरावर उष्णतेला अटकाव म्हणून मातीचा जाड थर दाबून त्यावर चपट्या विटा बसवण्याची पद्धत होती; सोलापूर-मराठवाड्याकडील धाब्याच्या घरांची आठवण व्हावी असा प्रकार. त्या थराचे वजन बरेच असते, आणि तो काढला की स्लॅबला मोठा दिलासा मिळतो. पण स्लॅबची स्वतःची प्रकृतीही पाहावी लागते. सिमेंट आणि लोखंड दुर्मीळ असलेल्या त्या वर्षांत सळ्यांवरचे आवरण पुष्कळदा पातळ राहिले आहे. हवेतील कर्बवायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरत जातो आणि सळईपर्यंत पोचला की ती गंजू लागते. तपासणी सोपी आहे: काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग फिनॉल्फ्थॅलीनने ओला करावा. जेथे गुलाबी रंग उठतो तेथे काँक्रीट निरोगी. जेथे रंग येत नाही तेथपर्यंत वायू पोचला. सळई रंगहीन भागात असेल तर वर मजला चढवण्याचा विचार सोडून, बाजूस स्वतंत्र खांब घ्यावेत. रंगाच्या एका थेंबाने कित्येक कुटुंबांचा संभाव्य अपघात टळू शकतो.

इतका वेळ मी अशा घरांविषयी बोललो ज्यांनी पुढच्या वाढीचा विचार केलेला नव्हता, निदान बोलून दाखवला नव्हता. परंतु वाढीसाठीच रचलेले एक प्रसिद्ध आधुनिक घर आपल्या महाराष्ट्रात आहे. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात आखलेली वसाहत, जिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखतात. तेथे ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंतचे लहान लहान भूखंड आहेत. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर स्वतंत्र. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. त्यामुळे कोणालाही न विचारता स्वतःचे घर वाढवता यावे. साध्या गवंड्याला बांधता येतील अशी उतरत्या छपराची घरे, सात घरांच्या मध्ये आठ मीटरांचे चौरस अंगण, आणि अशा तीन गटांच्या मध्ये बारा मीटरांचे. आपल्या वाड्याची मांडणीच जणू मोकळ्या आकाशाखाली उलगडलेली.

लोकांनी घरे वाढवली, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. आज तेथे गेलात तर मूळ घरे मोजकी दिसतील. पुष्कळ जागी ती पाडून दोनतीन मजली पक्की घरे उभी आहेत. काही टीकाकारांना हा कोरियांचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. भिंती गेल्या, छपरे गेली, पण सामाईक अंगणे राहिली, त्यांत झाडे आहेत आणि मुले खेळतात. त्या वसाहतीचा खण भिंतीत नव्हताच, तो अंगणात होता. आणि जे सामाईक होते ते एकट्याला खाऊन टाकता आले नाही. हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. वाढीचे स्वातंत्र्य रहिवाशांना मिळाले, पण वाढ कशी करावी हे सांगणारा एखादा कागद घराच्या किल्लीबरोबर मिळाला असता, तर भूखंडाच्या आतली छोटी अंगणेही अधिक संख्येने वाचली असती. फरीदाबादेत तर अंगण आतलेच, खासगीच. तेथे ते वाचवणारा घरधन्याशिवाय दुसरा कोणी नाही.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत १९६३ साली स्वतःच्या कुटुंबासाठी घर बांधले, पत्नीच्या नावाने, ‘कमला’. १९८६ साली त्यांनी स्वतःच ते बदलले आणि वाढवले. मूळ रचणाराच जोड करावयास हजर असावा, हे भाग्य थोड्याच घरांना लाभते. इतरांना कागदावर विसंबावे लागते, आणि कागद तर सापडत नाहीत: नगरपालिकेच्या दप्तरात मंजूर नकाशा एक आणि बांधलेले घर दुसरे, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

म्हणून गवंड्याने पहिला घाव घालण्यापूर्वी घर आहे तसे मोजून, काढून ठेवावे. चारी बाजूंची छायाचित्रे, प्रत्येक खोलीची फुटांतील मापे, नळांच्या आणि तारांच्या वाटा, काँक्रीट कोठे तपासले आणि कोठे रंग उठला नाही, अंगणात डिसेंबरात ऊन कोठून कोठपर्यंत येते, एवढे दोनचार मोठ्या कागदांवर सहज मावते. एक प्रत शिल्पज्ञाकडे राहील. दुसरी खरेदीखताबरोबर त्याच पेटीत ठेवावी, म्हणजे घराचा पुढचा धनी जोड देऊ लागेल तेव्हा ती त्याच्या हाती पडेल.